मुक्या माराचा हिशेब

आमचे एक व्यापारी स्नेही, वय 68, गोदामातील शिडीवरून घसरले आणि छातीवर आदळले. रक्ताचा थेंबही आला नाही. ‘मुका मार आहे, उतरेल’ असे म्हणून ते दुसऱ्या दिवशी गल्ल्यावर बसले. त्याच रात्री धाप लागली आणि पहाटे त्यांना व्हेंटिलेटरवर ठेवावे लागले. त्यांचा मुलगा मला पुनःपुन्हा विचारीत होता, ‘काका, किती दिवस?’

छातीच्या मुक्या माराचे स्वरूपच फसवे असते. बरगडी मोडली की वेदनेमुळे माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. कफ साचतो आणि न्यूमोनिया गाठतो. फुफ्फुस ठेचले गेले असेल तर सूज पहिल्या 24 ते 48 तासांत वाढत जाते. म्हणूनच पहिला एक्स-रे बरा दिसला तरी निर्धास्त राहता येत नाही.

व्हेंटिलेटर किती काळ लागेल याचा अंदाज बांधण्यासाठी डॉक्टर काही गुणपद्धती वापरतात. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका पद्धतीत पाच बाबी पाहतात: वय, मोडलेल्या बरगड्या, फुफ्फुसाची इजा, फुफ्फुसाभोवती साचलेले रक्त वा हवा, आणि रक्तातील प्राणवायूचे प्रमाण. प्रत्येकीस कमाल 5 गुण, एकूण 25. गुण जितके अधिक, तितका धोका मोठा. सत्तरी ओलांडलेल्यास केवळ वयाचेच पूर्ण 5 गुण मिळतात!

कर्जदाराची पत ठरविताना बँकेत आम्हीही असेच गुण देत असू. शंभर कर्जदारांपैकी साधारण किती खाती थकतील हे त्यावरून कळे. समोरचा थकेल की नाही, हे मात्र नाही. तरीही तो हिशेब व्यर्थ नसे, कारण त्यावरून आधीच तरतूद करता येई. इथेही तसेच आहे. मुक्काम लांबणार असे दिसले तर वेदनाशमन, बरगड्या जोडण्याची शस्त्रक्रिया किंवा गळ्यातून श्वासनलिकेत नळी बसविणे, यांचा विचार वेळेवर होतो. घरच्यांनाही पैशांची, पाळ्यांची आणि दुकानातील सह्यांची व्यवस्था लावता येते.

मी मुलास म्हणालो, ‘दिवस मोजू नकोस. कालच्यापेक्षा आज प्राणवायू कमी लागतो का, एवढे रोज विचार.’ चौदाव्या दिवशी नळी निघाली.

वाचकहो, घरातील वडीलधाऱ्यांच्या छातीस मार लागला तर छाती पट्ट्याने आवळू नका. त्याने श्वास आणखी उथळ होतो. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.