सड्यावर पंप नेण्याआधी

दक्षिण कोकणातल्या बागायतदारांना, गुराख्यांना आणि सड्यालगतच्या सर्व गावकऱ्यांना कळकळीची विनंती.

मृगाचा पाऊस पडला की कातळाच्या भेगांतून पांढरी दीपकाडी वर येते. ही कोकण-गोव्याच्या सड्यांची खास. तिच्यामागून गेंद, सीतेची आसवं, कवला. बोटभर मातीवर एवढा संसार उभा राहतो. त्याच मातीत आता रानमोडी आणि घाणेरी घुसली आहे. ती काढायलाच हवी, पण त्यासाठी तणनाशकाचा पंप सरसकट फिरवू नका. ग्लायफोसेट या तणनाशकाला रानमोडी आणि दीपकाडी सारखीच. हिरव्या पानावर पडलं की ते मुळापर्यंत उतरतं. औषध धरून ठेवायला सड्यावर पुरेशी मातीही नाही. पहिल्या सरीला ते डबक्यात जातं. पान ओलं व्हावं म्हणून काही तणनाशकांत जो साबणासारखा घटक असतो, तो बेडकांच्या पिल्लांच्या जिवावर उठतो.

गडी मिळत नाहीत, बेणणी परवडत नाही, हे आम्हालाही ठाऊक आहे. तरी आधी हात वापरू. रानमोडी दिवाळीनंतर फुलते. त्याआधी, जमीन ओली असताना, ती मुळासकट उपटून येते. घाणेरी नुसती तोडली की दुप्पट फुटते. दिल्ली विद्यापीठाच्या सी. आर. बाबूंनी तिच्यासाठी सोपी रीत दाखवली आहे: जमिनीखाली तीन-चार बोटांवर मुख्य मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं करून ठेवायचं. औषधाचा थेंबही लागत नाही.

भेगेत टिकाव शिरतच नाही, तिथेच औषध. तेही कोरड्या दिवशी, खोड बुडाशी कापून, ताज्या कापावर लगेच ब्रशने लावायचं. फवारायचं नाही. ग्लायफोसेट परवानाधारक कीडनियंत्रकांनीच वापरावं, असा आदेश केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये काढला. तेव्हा उघड्या हातांच्या गड्याकडे डबा देऊ नका. ब्रश-भांडी वहाळात, विहिरीवर धुऊ नका. रिकामा डबा पाण्याला तर मुळीच नको.

मोकळ्या झालेल्या जागी झाडं लावण्याची घाई नको. सडा पडीक नाही, तो असाच असतो. दोन पावसाळे फक्त नवी रोपं उपटत राहू.

नवरात्राआधी कोयते-टिकाव घेऊन आम्ही वाडीवाडीत येतो आहोत. तोवर दीपकाडी सुकून जमिनीखाली फक्त कंद उरलेला असेल. तिची जागा ठाऊक असलेलं घरातलं एक जुनं माणूस सोबत पाठवा.