हातसायकलीचा घाट आणि पंचायतीच्या पायऱ्या

परदेशात हातसायकलीचे शर्यतगडी सरावासाठी मुद्दाम डोंगरात जातात. पाय साथ देत नाहीत, म्हणून पॅडल हाताने मारायचे. सायकल हलकी, गिअर भरपूर. 2004 च्या अथेन्स पॅरालिंपिकपासून तिथे या शर्यती होतात. दंडात बळ यावे म्हणून ही मंडळी पदरमोड करून चढ शोधत फिरतात.

आपल्याकडे चढाला काय तोटा? पोलादपूरहून आंबेनळी घाट धरला की सावित्रीच्या काठावरून थेट महाबळेश्वर. पण एवढे लांब जायची गरजच नाही. आपल्या गावोगावी हे शिबिर बारमाही चालू आहे, तेही फुकट!

गावच्या दिव्यांगाची तीनचाकी बघा. लोखंडी, जड, एकच साखळी, गिअरचे नाव नाही. सायकल वाटपाच्या दिवशी हार, फोटो, भाषण सगळे होते. दुसऱ्या दिवसापासून सराव सुरू. पहिला टप्पा, घरापासून रस्त्यापर्यंतची पाखाडी. दुसरा, रस्त्यावरची उखडलेली खडी. तिसरा खास पावसाळी, शेवाळावरून घसरण्याचा. आणि शेवटी शिखर: ग्रामपंचायतीच्या तीन पायऱ्या! तिथे सायकल थांबते. मग एकतर हातावर सरकत वर जा, नाहीतर खालूनच हाक मारा, "भाऊसाहेब, दाखला मिळंल का?"

काही पंचायतींनी उताराचा रस्ता, म्हणजे रॅम्प, केला आहे. पण तो बघून कळत नाही की माणसासाठी आहे की मोटारसायकल चढवायला. हिशेब सोपा आहे, मंडळी. 1 फूट उंची चढायला 12 फूट लांबी लागते. 6 इंचाच्या 3 पायऱ्या म्हणजे दीड फूट, म्हणजे रॅम्प हवा 18 फुटांचा. आपण बांधतो 6 फुटांचा. कार्लेखिंडीचा रस्ता या मापाने काढला असता तर अलिबागची एसटी पोयनाडलाच मुक्कामाला राहिली असती.

कायदा काय म्हणतो? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने जुन्या सार्वजनिक इमारतीसुद्धा नियम निघाल्यापासून 5 वर्षांत सोयीच्या करायच्या होत्या. नियम 2017 ला निघाले. मुदत 2022 लाच संपली. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे, हाही शासनाचाच आदेश. मधल्या काळात अपंगाचे दिव्यांग झाले, ग्रामसेवकाचे ग्रामपंचायत अधिकारी झाले. पायऱ्यांचे मात्र काहीच झाले नाही.

शेतकरी बंधूंनो, हा प्रश्न फक्त चार-दोन घरांचा समजू नका. भातलावणीत कंबर धरते, माडावरून माणूस पडतो, म्हातारपण तर कुणालाच चुकलेले नाही. आज ना उद्या तो 18 फुटांचा उतार आपल्यालाही लागणार आहे.

म्हणून येत्या ग्रामसभेत दोनच गोष्टी विचारा. 5 टक्क्यांचा हिशेब वाचून दाखवा, आणि रॅम्प टेप लावून मोजा. पंचायतीकडे टेप नसेल तर गवंड्याकडे असतोच. आणि ग्रामसभा दिव्यांगाला येता येईल अशा जागी भरवा, नाहीतर ज्याचा प्रश्न तोच पायरीखाली राहायचा.

सरपंचांना एक विनंती. त्या तीनचाकीवर एकदा स्वतः बसा आणि घरापासून पंचायतीपर्यंत या. वर पोचलात तर हार-नारळ आमचा. नाही पोचलात तर रॅम्पचा ठराव तिथेच, खाली बसून लिहू.