छटाकभर पिठाचा हिशेब



तालुक्याच्या गावी संध्याकाळी एस. टी. स्थानकाबाहेर 'चायनीज'ची गाडी उभी राहते, हे आता कोणाला नवीन राहिलेले नाही. यात्रेतही ती येते आणि पोरे तिच्याभोवती गर्दी करतात. पण त्या गाडीवरचे मंचुरियन आपल्याच देशात तयार झालेले आहे. चीनमधल्या शेतकऱ्यापुढे ती ताटली ठेवली तर तो ती ओळखणारही नाही. मग तिकडचा साधा माणूस, म्हणजे गवंडी, गाडीवान, शाळामास्तर, चार पैशांत पोटभर जेवायचे असेल तर कुठे जातो आणि काय खातो? आज त्याविषयी लिहितो. खाण्याच्या गोडीपेक्षा त्यातला हिशेब आपल्या उपयोगाचा आहे.

२०१४ च्या नोव्हेंबर महिन्यात शेतकऱ्यांच्या एका अभ्यासदौऱ्याबरोबर बीजिंगला जाण्याचा योग आला. आपल्या जुन्या पुस्तकांत या शहराला पेकिंग म्हणत. दिवसभर भाजीपाल्याची शेती पाहून मंडळी दमली होती, आणि मोठ्या हॉटेलातले जेवण कोणाच्या गळ्याखाली उतरत नव्हते. बरोबरच्या दुभाषी मुलीला हे कळले. ती म्हणाली, "चला, आम्ही घरची माणसे जिथे जेवतो तिथे नेते." असे म्हणून तिने आम्हांला एका गल्लीतल्या दुकानात नेले.

सात-आठ टेबलांचे दुकान

दुकान कसले, आपल्याकडच्या खानावळीएवढी जागा. सात-आठ टेबले, प्रत्येक टेबलावर काळ्या शिरक्याची बाटली, तिखटाचे तेल आणि सोललेल्या लसणाची वाटी. मागच्या बाजूला मालकीण, तिचा नवरा आणि एक म्हातारी पिठाशी झटत होती. बाहेर बोचरी थंडी, आणि आत मोठ्या पातेल्यातून वाफा निघत होत्या.

या दुकानात एकच पदार्थ मिळतो. त्याचे नाव ज्याओझ. आपल्या माताभगिनींना तो समजावून सांगायला फार शब्द लागणार नाहीत. नागपंचमीला आपण तळत नाही, चिरत नाही, म्हणून पुरणाचे दिंड उकडतो. त्या दिंडाचा हा लांबचा भाऊ. मैद्याची पारी, आत तिखटमिठाचे सारण, आणि वाफेऐवजी उकळत्या पाण्यात शिजवलेला. आकार लहान करंजीचा.

म्हातारीचा हात पाहण्यासारखा होता. पिठाची वळी करून तिचे सुपारीएवढे तुकडे पाडायचे, तळहाताने दाबायचे आणि बोटाएवढ्या जाडीच्या लाटण्याने लाटायचे. एका हाताने लाटी फिरवायची आणि दुसऱ्या हाताने फक्त कडेवर लाटणे चालवायचे. त्यामुळे पारी मध्ये जाड आणि कडेला पातळ होते. मध्ये जाड असल्याने सारणाच्या वजनाने फुटत नाही, आणि कडेला पातळ असल्याने मुरड घातल्यावर तिथे कच्चा गोळा राहत नाही. आपल्याकडे मोदकाची पारी करताना हीच काळजी घेतात.

सारण असते शेतात पिकणाऱ्या अगदी स्वस्त जिनसांचे. चिनी कोबी, लसणाच्या पातीसारखी एक पात, गाजर, अंडी, आणि बहुतेक ठिकाणी थोडे डुकराचे किंवा मेंढीचे मांस. मांस महाग, म्हणून ते चवीपुरते आणि कोबी पोटापुरती. गरिबाच्या घरात थोडक्या मांसात सगळे घर जेवू घालायची ही युक्ती आहे. ती फार जुनीही आहे. चीनच्या वायव्येला तुर्फानजवळच्या कबरींत बाराशे वर्षांहून जुने वाळून गेलेले ज्याओझ सापडले आहेत.

आमच्यात एक माळकरी आबा होते. दौऱ्यात त्यांनी बहुतेक दिवस केळी आणि घरून आणलेल्या दशम्यांवर काढले होते. ते मला हळूच म्हणाले, "साहेब, ह्यात काय भानगड न्हाई ना? न्हाईतर मी आपला केळावरच बरा."

मी दुभाषी मुलीला समजावून सांगितले. मालकिणीने मान हलवली आणि सांगितले की शाकाहारी मिळेल, पण त्यात अंडे असते. अंडेही चालत नाही म्हटल्यावर ती थोडा विचार करून आत गेली. गाजर, कोबी आणि सोयाबीनच्या दुधाचे पनीर घालून तिने वेगळे सारण केले. एवढेच नव्हे, तर चुलीवर दुसरे पातेले चढवून त्यात नवे पाणी घातले. हे तिला कोणी सांगितले नव्हते. पाच हजार किलोमीटरवरच्या बाईला माळेचे सोवळे ठाऊक नव्हते, पण पाहुण्याचे मन ठाऊक होते. आबा त्या दिवशी पोटभर जेवले.

किती माणसे नव्हे, किती पीठ?

आता मुद्द्याची गोष्ट. मालकिणीने आम्हांला किती ताटल्या हव्यात असे विचारलेच नाही. तिने विचारले, "किती ल्यांग?"

ल्यांग म्हणजे ५० ग्रॅम. दहा ल्यांगांचा एक जिन, म्हणजे अर्धा किलो. आपल्याकडे शेर-छटाक होते तेव्हाचा छटाक ५८ ग्रॅमच्या आसपास होता. तेव्हा ल्यांग म्हणजे चिनी छटाकच समजा. पण हे वजन ताटलीतल्या पदार्थाचे नव्हे. ते त्यात गेलेल्या पिठाचे. एका ल्यांगाचे पाच-सहा ज्याओझ होतात. कष्टाचे काम करणारा गडी तीन-चार ल्यांग सहज खातो. तिथल्या अनेक दुकानांत अजूनही असेच मागवतात. सारण कोणतेही असो, मोजायचे ते धान्य.

हे मोजणे आले कुठून? १९५३ साली चीनच्या सरकारने धान्याची सगळी खरेदी आपल्या हातात घेतली. १९५५ पासून शहरातल्या लोकांना धान्याची कुपने मिळू लागली. प्रत्येक कुपनावर वजन छापलेले असे. दुकानात भाकरी, शेवया किंवा ज्याओझ घ्यायचे तर पैसे द्यावे लागत आणि जोडीला तेवढ्या वजनाचे कूपन. पैसे आहेत पण कूपन नाही, तर जेवण नाही. म्हणून खाणावळवाल्याला पिठाचा ल्यांग न् ल्यांग जुळवावा लागे.

आणि ही कुपने खेड्यातल्या शेतकऱ्याला नव्हती. त्याने आपल्या गावच्या वाट्याच्या धान्यावर राहायचे. शहरात काही कामाला जायचे झाले तर त्याने घरचे धान्य सरकारी कोठारात नेऊन द्यायचे आणि त्याबदली कुपने घ्यायची. म्हणजे ज्याने गहू पेरला, राखला आणि कापला, त्याला त्याच गव्हाच्या पाच-सहा ज्याओझांसाठी हातात चिठ्ठी धरून उभे राहावे लागे.

१९५९ ते १९६१ या तीन वर्षांत तिथे मोठा दुष्काळ पडला. पिकाचे खोटे आकडे वरपर्यंत गेले, त्या आकड्यांवर वसुली झाली आणि गावांची कोठारे रिकामी झाली. एक कोटीहून कितीतरी अधिक माणसे त्यात गेली, आणि त्यातली बहुतेक धान्य पिकवणारीच होती. आपल्याकडेही १९७२ च्या दुष्काळाची, सुकडीची आणि रेशनवरच्या लाल मिलोची आठवण जुन्या माणसांना आहे. भुकेचे दिवस पाहिलेला माणूस पीठ मोजतो.

पुढे १९७८ साली आनह्वे प्रांतातल्या श्याओगांग नावाच्या गावी १८ कुटुंबांनी गुपचूप अंगठे उठवून सामुदायिक जमीन आपसांत वाटून घेतली आणि ज्याचे त्याने पिकवायचे ठरवले. पुढे हीच पद्धत देशभर पसरली. धान्य वाढले, बाजारात मुबलक झाले, आणि १९९३ साली कुपने बंद झाली. कुपने गेली, पण दुकानातले माप राहिले.

मी हे आबांना सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजी शेतकऱ्यानं समद्यांना जेवू घालायचं आन् आपण दारात उभं ऱ्हायाचं. हितंबी तेच हुतं म्हना की."

पाणीसुद्धा टाकत नाहीत

जेवण झाल्यावर मालकिणीने प्रत्येकाला वाडगाभर गरम पाणी दिले. ज्याओझ उकडलेलेच ते पाणी, पिठूळ, पेजेसारखे. ते प्यायल्याने जेवण पचते असे तिकडे मानतात. आपण पुरणाच्या डाळीचे पाणी टाकत नाही, कटाची आमटी करतो. बुद्धी तीच. काळा शिरकाही धान्याचाच. शान्शी प्रांतातला प्रसिद्ध शिरका तर ज्वारीपासून करतात. ज्वारीचे पोते हजार मैल न नेता तिची बाटली नेली, तर मोल कुठे जाते ते तुम्हीच पाहा.

कोबीचीही अशीच गोष्ट. बीजिंगकडे नोव्हेंबरात कोबी निघते आणि पुढे कडक हिवाळ्यात शेतात काही येत नाही. म्हणून पूर्वी घरोघरी शेकडो किलो कोबी एकदम घेऊन, गोधडीखाली झाकून, वसंतापर्यंत पुरवीत. १९८९ साली कोबी उदंड झाली तेव्हा सरकारने लोकांना ती विकत घेण्याचे आवाहन केले, आणि लोकांनी तिला 'देशभक्तीची भाजी' असे नाव दिले. आपल्याकडे भाव पडले की उभ्या कोबीत नांगर घालावा लागतो. कोबी पिकवणे आपल्याला येते. तिची पारीत मुरड घालून विकणे मात्र दुसऱ्यावर सोडले आहे.

आता जरा गणित करू. एक क्विंटल गव्हाचा साधारण ७० किलो मैदा निघतो. म्हणजे १,४०० ल्यांग. माणशी तीन ल्यांग धरले तर ४६० हून अधिक माणसांचे एक वेळचे जेवण. तुम्ही बाजारात एक क्विंटल गहू विकून जी पट्टी घेता, तेवढ्या गव्हावर तसल्या लहानशा दुकानात एवढी पाने उठतात. फरक पडतो तो हातांच्या कामाने, आणि ते काम करणारे हात आपल्या घरोघरी आहेत. गणपतीत दिवसाला शे-दीडशे मोदक वळणाऱ्या बाईला हे काही अवघड नाही.

घरी करून पाहा

अर्धा किलो मैदा, किंवा घरचा लोकवन गहू दळून बारीक चाळणीने चाळलेले पीठ घ्या. पाव लिटरच्या आसपास पाण्यात घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवा. अर्धा किलो कोबी बारीक चिरून तिला चमचाभर मीठ चोळा आणि पाव तासाने घट्ट पिळून पाणी काढा. ही पायरी चुकवू नका, नाहीतर सारण सुटते आणि पारी फाटते. पिळलेले पाणी आमटीत घाला. कोबीत किसलेले गाजर, कांद्याची पात, ठेचलेले आले, मिरे आणि दोन चमचे कडकडीत तेल घाला. साठेक लाट्या करून भरा आणि कडा घट्ट दाबा.

मोठ्या पातेल्यात पाणी खळखळू लागले की थोडे थोडे सोडा आणि डावाच्या पाठीने हलकेच ढवळा, म्हणजे तळाला चिकटणार नाहीत. उकळी आली की कपभर गार पाणी घाला. असे तीनदा करा. गार पाण्याने वरची पारी फुटत नाही आणि आतले सारण शिजायला सवड मिळते. वर तरंगून फुगले की काढा. लसूण-मिरचीच्या ठेच्यात लिंबू पिळून त्याबरोबर खा. चार माणसांचे पोट भरते.

आणि शेवटचे, जे मला या दुकानात शिकण्यासारखे वाटले ते. येत्या आठ दिवसांत आपल्या घरी रोज किती पीठ मळले जाते ते वजन करून भिंतीवर लिहा. सहा माणसांच्या घरात माणशी ३०० ग्रॅम धरले तर दिवसाला १ किलो ८०० ग्रॅम, आणि वर्षाला साडेसहा क्विंटलांहून अधिक धान्य लागते. हा आकडा अंदाजाने नको, तुमच्या घरचा तुम्ही काढा. त्यात सणवार, पै-पाहुणे आणि लग्नकार्याचे धान्य मिळवा. तेवढे कोठीत राखा आणि मगच उरलेले बाजारात न्या. सुगीत हात अडचणीत असतो म्हणून सगळे पोते विकायचे आणि आषाढ-श्रावणात दुकानातून चढ्या भावाने तेच धान्य आणायचे, असे मी माझ्या नोकरीत शेकडो घरी पाहिले आहे. त्या घरात धान्य कमी पिकले होते असे नाही. ते मोजलेले नव्हते.

हे माप घरातल्या बाईला विचारूनच ठरवा. पीठ तिच्या हातून जाते, तेव्हा खरा आकडा तिलाच ठाऊक असतो.