पानिपतचा दुसरा निकाल आणि बडोद्याची मुले

सीबीएसईच्या शाळांत अकरावीला इंग्रजीचे 'हॉर्नबिल' हे पाठ्यपुस्तक असते. त्यात 'द ॲडव्हेंचर' नावाचा धडा आहे. पानिपतची लढाई मराठे जिंकले असते तर हिंदुस्थानचे पुढे काय झाले असते, याची ही गोष्ट. बडोद्यात दांडिया बाजार, रावपुऱ्यापासून मांजलपूरपर्यंत पसरलेल्या मराठी घरांतली मुले हा धडा इंग्रजीतून वाचतात, त्याची प्रश्नोत्तरे करतात, पेपर लिहून मोकळी होतात. या धड्याची मूळ कथा, जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत', मराठीत आहे आणि ती आजी-आजोबांबरोबर बसून वाचता येईल, हे त्यांना कोणी सांगायला हवे. ते काम शाळेचे नाही. ते इथल्या मराठी समाजाचे आहे.

२० मे २०२५ रोजी पुण्यात नारळीकर गेले. त्यानंतर जे लिहिले-बोलले गेले त्यात हॉयल-नारळीकर सिद्धान्त होता, केंब्रिज होते, त्यांनी उभारलेली 'आयुका' ही खगोलविज्ञान संस्था होती, पद्मविभूषण होते. कथा-कादंबऱ्यांचा उल्लेख झाला तो बहुतेक 'विज्ञान सोपे करून सांगणारे लेखक' एवढ्यावर आटोपला. हा अन्याय आहे. नारळीकरांनी विज्ञानप्रसाराचा हेतू स्वतःच उघडपणे मांडला होता हे खरे. पण लेखकाने सांगितलेला हेतू ही वाचकावर घातलेली मर्यादा नव्हे. त्यांच्या चांगल्या कथा आज वाचल्या तर कृष्णविवर किंवा कालप्रवास यापेक्षा जास्त लक्षात राहतात त्या त्यांतल्या सभा, समित्या, देवघरे आणि सरकारी खोल्या. पुरावा समोर आल्यावर आपला समाज त्याचे काय करतो, हाच त्यांचा खरा विषय होता.

या लेखनाची सुरुवात गुजरातेतच झाली, ही गोष्ट बडोदेकरांना आवडावी. नारळीकर १९७२ मध्ये केंब्रिजहून परतून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले होते. अहमदाबादला एका परिसंवादात व्याख्यान कंटाळवाणे होऊ लागले तेव्हा त्यांनी परिसंवादात मिळालेल्या कागदांवर मनात घोळत असलेली कथा लिहायला घेतली. मराठी विज्ञान परिषदेने त्या सुमारास विज्ञानकथा स्पर्धा जाहीर केली होती. आपल्या नावाचा परीक्षकांवर दबाव येऊ नये म्हणून त्यांनी स्वतःची आद्याक्षरे उलटी केली आणि 'नारायण विनायक जगताप' हे नाव घेतले. अक्षर ओळखले जाऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंनी कथा आपल्या हाताने उतरवून काढली. १९७४ च्या त्या स्पर्धेत जगतापांच्या 'कृष्णविवर' कथेला पहिले बक्षीस मिळाले. पुढे 'किर्लोस्कर'चे संपादक मुकुंदराव किर्लोस्करांनी त्यांच्याकडून कथा मागून घेतल्या. १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी या नव्या कथाप्रकाराची आवर्जून दखल घेतली. १९७९ मध्ये 'यक्षांची देणगी' हा संग्रह आला, मग 'प्रेषित', 'वामन परत न आला', 'व्हायरस' या कादंबऱ्या. केंब्रिजमधले त्यांचे मार्गदर्शक फ्रेड हॉयल हे स्वतः 'द ब्लॅक क्लाउड'सारखी कादंबरी लिहिणारे. त्यामुळे शास्त्रज्ञाने कादंबरी लिहिण्यात काही कमीपणा असतो, हे नारळीकरांच्या मनाला कधी शिवलेच नसावे.

आता पानिपत. बडोद्याने ही कथा आपली म्हणून वाचावी याला कारण आहे. १४ जानेवारी १७६१ च्या लढाईत मराठ्यांच्या तोफखान्याचा प्रमुख इब्राहिमखान गारदी याच्या बाजूला बडोद्याच्या घराण्याचे दमाजी गायकवाड होते. गारदी पकडला आणि मारला गेला, दमाजी जिवंत परतले, आणि दोन-तीन वर्षांतच पाटण घेऊन त्यांनी गुजरातेत आपला जम पक्का केला. पानिपतावर दमाजी पडले असते तर बडोद्याच्या गादीचा इतिहास कोणत्या वळणाने गेला असता, हे सांगणे अवघड आहे. नारळीकरांची कथा नेमकी अशाच एका 'असते तर'वर उभी आहे. फक्त तिथे प्रश्न पेशव्यांचे पुत्र विश्वासराव यांचा आहे.

कथेतले गंगाधरपंत गायतोंडे हे पुण्याचे इतिहासकार. नऊशे नव्व्याण्णव सभांचे अध्यक्षपद भूषवलेले. हजारावी सभा पानिपतवरच व्हायची असते. ट्रकची धडक बसते आणि पंत एका वेगळ्याच हिंदुस्थानात पोचतात. मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीची कचेरी अजून दिमाखात उभी आहे, बाकी देशावर मात्र इंग्रजांचे राज्य कधी आलेलेच नाही. आगगाडीत भेटलेले खानसाहेब रात्रीच्या फ्रंटियर मेलने पेशावरला निघालेले असतात. (ही गाडी खऱ्या जगात मुंबईहून बडोद्यावरूनच उत्तरेला जात असे.) अभ्यासकाला शोभेल असेच पंत मग करतात: टाउन हॉलच्या ग्रंथालयात जाऊन स्वतःचेच ग्रंथ काढून बसतात आणि इतिहास कुठे वळला ते पान न् पान शोधतात. तो वळतो 'भाऊसाहेबांच्या बखरी'त. आपल्या बखरीत विश्वासरावांना गोळी लागते. त्या बखरीत ती कानाजवळून निघून जाते. अंतर तिळाएवढे.

संध्याकाळी आझाद मैदानावरच्या सभेत व्यासपीठावरची अध्यक्षाची खुर्ची रिकामी दिसते आणि पंतांना राहवत नाही. ते जाऊन तीत बसतात. त्या जगाने अध्यक्षीय भाषणांची प्रथाच मोडीत काढलेली असल्याने श्रोते खवळून अंगावर येतात. त्या धुमश्चक्रीत बखर हरवते, पण तिचे एक फाटके पान खिशात उरते. ते पान आणि आपल्या जगातली छापील बखर शेजारी-शेजारी ठेवून राजेंद्र देशपांडे हे मित्र पंतांना अणूच्या आतल्या अनिश्चिततेबद्दल सांगू लागतात, तेव्हा वाचकाला ते भौतिकशास्त्र हवेसे वाटते. कारण हातात कागद आहे आणि त्याचा उलगडा झालाच पाहिजे. व्याख्यान आधी आणि कथा नंतर अशी ही रचना नाही. दांडगा कथाकारच हे करू शकतो. आणि मराठी माणसाचे सभा-संमेलनांचे वेड ज्याने जवळून पाहिले आहे, त्यालाच रिकाम्या खुर्चीचा तो प्रसंग सुचतो.

'उजव्या सोंडेचा गणपती' या कथेतही विज्ञान असेच गोष्टीतून उलगडते. उजव्या सोंडेच्या गणपतीचे सोवळे-ओवळे कडक असते, हे मराठी घरात लहान मूलही जाणते. नारळीकर त्या धाकाला हात घालतात आणि अवकाशाला पीळ दिला तर वस्तूचे आरशातले प्रतिबिंब प्रत्यक्षात कसे येईल, ते मूर्तीपासून क्रिकेटच्या मैदानापर्यंत नेऊन दाखवतात. 'धूमकेतू'त पृथ्वीवर येणारा धूमकेतू अण्वस्त्राच्या स्फोटाने बाजूला वळवला जातो. घरात मात्र समजूत अशी की आपण केलेल्या शांतीनेच संकट टळले. हौशी निरीक्षक आजोबा हे ऐकतात आणि त्यांना उत्तर सापडत नाही. नारळीकरांनी ज्योतिषाविरुद्ध आयुष्यभर ठामपणे लिहिले. कथेत त्यांनी विवेकाचा हा पराभव लपवला नाही, हे विशेष. 'हिमप्रलया'त मुंबईत बर्फ पडते तेव्हाही खरा ताण हवामानाचा नसतो. आधीच धोक्याची सूचना देणाऱ्या भारतीय शास्त्रज्ञाचे कोणी ऐकले नव्हते, त्याचा असतो.

नारळीकरांच्या लेखनात उणिवाही आहेत. पात्रे अनेकदा एका रेषेत काढलेली असतात. स्त्रिया कथेच्या कडेला राहतात. कादंबऱ्यांत मधेच कोणीतरी दुसऱ्याला पानभर समजावू लागतो, आणि 'वामन परत न आला'सारख्या, जमिनीच्या पोटात सापडलेल्या लुप्त संस्कृतीच्या पेटीपासून सुरू होणाऱ्या झकास कल्पनेलाही त्याचा भार होतो. लघुकथेत त्यांचा हात जास्त सफाईचा. पण या त्रुटी दाखवायच्या त्या साहित्याच्या मापाने दाखवा. 'शास्त्रज्ञाने फावल्या वेळात लिहिलेले' म्हणून सवलत द्यायची आणि त्याच सवलतीने दाराबाहेर ठेवायचे, हे बरोबर नाही. २०२१ च्या नाशिक संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती आणि प्रकृतीमुळे हजरही राहू शकले नाहीत. तीस वर्षे आधी तो मान मिळाला असता तर मराठी विज्ञानकथेला केवढे बळ आले असते.

बडोद्याला याबाबत काही करता येण्यासारखे आहे. लोकांच्या भाषेत विज्ञान आले पाहिजे, हा विचार या शहराला नवा नाही. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने त्रिभुवनदास गज्जरांनी १८९० मध्ये कलाभवन काढले ते धंदेशिक्षण देशी भाषेतून देण्यासाठी. १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले. १९१० मध्ये ग्रंथालयतज्ज्ञ बोर्डन यांना अमेरिकेहून बोलावून महाराजांनी ग्रंथालयांचे जाळे विणायला घेतले. रियासतकार सरदेसाई याच दरबाराच्या नोकरीत असताना मराठ्यांचा इतिहास लिहीत होते. गंगाधरपंतांसारख्या इतिहासकाराला बडोद्याइतके योग्य गाव दुसरे मिळणार नाही.

२०१८ चे एक्क्याण्णवावे अखिल भारतीय साहित्य संमेलन बडोद्याच्या मराठी वाङ्मय परिषदेने भरवून दाखवले. त्यामानाने हे काम फारच छोटे आहे. अकरावीच्या मुलांना एका दुपारी बोलवावे. इंग्रजी धडा त्यांचा झालेलाच असेल. कथा मराठीत मोठ्याने वाचावी, शेजारी 'भाऊसाहेबांची बखर' उघडी ठेवावी, आणि दमाजी गायकवाड त्या दिवशी रणांगणावर कुठे होते ते नकाशावर दाखवावे. महाराजा सयाजीराव विद्यापीठातल्या भौतिकशास्त्राच्या एखाद्या प्राध्यापकाने राजेंद्र देशपांड्यांची बाजू सांभाळावी. मराठी न येणाऱ्या गुजराती मित्रांनाही बोलवावे, कारण पानिपतानंतरचा गुजरात हा त्यांचाही इतिहास आहे. लढाईच्याच तारखेला, १४ जानेवारीला, सारे शहर पतंग घेऊन गच्चीवर असते, त्यामुळे तो दिवस जमणार नाही. दुसऱ्या दिवशीचे वासी उत्तरायण उरकल्यावरचा पहिला रविवार सोयीचा पडेल.