बँडच्या सुरांतला अनेकांत

गंगाखेड तालुक्यातील राणीसावरगाव हे रेणुकामातेचे ठाणे म्हणून परभणी जिल्ह्यात ओळखले जाणारे गाव. अशा गावात लग्नाची वरात निघो, देवीची मिरवणूक निघो की चैत्र शुद्ध त्रयोदशीला भगवान महावीरांची पालखी निघो, सर्वांच्या पुढे बँड चालतो. विटलेल्या लाल कोटावर सोनेरी पट्ट्या, हातांत क्लॅरिनेट, ट्रम्पेट, पोटाशी धरलेले मोठे पितळी वाद्य आणि मागे ढोल-ताशा. मराठवाड्याचे ऊन डोक्यावर घेत ही माणसे तासन्तास वाजवत राहतात. त्यांचे सूर गावातील प्रत्येकाच्या ओळखीचे असतात, नावे मात्र क्वचितच कुणाला ठाऊक असतात. कार्य उरकले की यजमानाच्या वहीत एकच ओळ पडते : ‘बँड’, आणि पुढे आकडा. अलीकडे तर त्या ओळीत ‘बँड’ ऐवजी ‘डीजे’ असेही लिहिले जाऊ लागले आहे.

या पितळी वाद्यांचे एक दूरचे घराणे आहे. अमेरिकेच्या दक्षिणेस, मिसिसिपी नदीच्या काठी वसलेले न्यू ऑर्लिन्स हे त्याचे गाव. आपल्याकडे इंग्रजी पलटणींचे बँड आधी संस्थानिकांच्या दरबारी आणि मग लग्नाच्या वरातीत आले, त्याच रीतीने तेथेही लष्करी बँडची वाद्ये एकोणिसाव्या शतकात सामान्य माणसांच्या हाती आली. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय समाजाने ती आपलीशी केली. त्यांच्या अंत्ययात्रेतही बँड असे. स्मशानाकडे जाताना संथ, गंभीर भजने वाजत. दफन आटोपून परतताना तोच बँड उत्साहाची धून धरी आणि मागून येणारे लोक तालावर पावले टाकत. मिरवणुकीच्या या संगीतातूनच विसाव्या शतकाच्या आरंभी जॅझ घडला. त्याच्या मूळ रूपाला आज पारंपरिक जॅझ म्हणतात.

त्याची रीत समजून घेण्याजोगी आहे. मूळ चाल ट्रम्पेट किंवा त्याचाच आटोपशीर भाऊ कॉर्नेट सांगतो. त्याच वेळी क्लॅरिनेट वरच्या सुरांत त्या चालीभोवती वेलबुट्टी काढत असतो आणि ट्रोम्बोन खालच्या सुरांत तिला आधार देत असतो. बँजो, ट्युबा आणि ढोल लय सांभाळतात. प्रत्येकाने नेमके काय वाजवावे हे बहुधा कागदावर लिहिलेले नसते. तिघे एकाच वेळी तीन वेगळ्या गोष्टी बोलतात, तरी गोंगाट होत नाही, कारण प्रत्येक जण वाजवताना उरलेल्या दोघांना ऐकत असतो. मग एकेकाची पाळी येते. एक पुढे होऊन आपले म्हणणे मांडतो, बाकीचे आवाज खाली घेतात. त्याचे झाले की तो मागे सरतो आणि दुसऱ्याला जागा देतो.

१९२३ साली किंग ऑलिव्हर यांच्या बँडने ध्वनिमुद्रिका काढल्या. त्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवणारे दोघे होते : स्वतः ऑलिव्हर आणि त्यांचा तरुण शिष्य लुई आर्मस्ट्राँग. गुरू पुढे कोणते सूर घेणार याची खूण वाजवता वाजवताच देत आणि शिष्य त्याला जोडसूर लावी. ऐकणाऱ्यांना वाटे, हे सारे आधी बसवलेले असणार. शिष्याचे सामर्थ्य गुरूहून मोठे ठरणार हे जाणकारांना तेव्हाच दिसू लागले होते. तरीही त्या बँडमध्ये शिष्य जोडसुरावर थांबला.

आचार्य अमृतचंद्रांनी ‘पुरुषार्थसिद्ध्युपाय’ या ग्रंथाच्या अखेरीस जैन नीतीला ताक घुसळणाऱ्या गवळणीची उपमा दिली आहे. रवीच्या दोरीचे एक टोक ती ओढते तेव्हा दुसरे सैल सोडते. सैल सोडते, पण हातातून टाकत नाही. दोन्ही टोके एकदम ओढली तर रवी जागची हलणार नाही, आणि एक टोक सोडूनच दिले तर लोणी निघणार नाही. अनेकांताचा अर्थ इतक्या घरगुती दृष्टांतातून क्वचितच कुणी सांगितला असेल. जॅझच्या बँडमध्ये ज्याची पाळी असते तो दोरी ओढतो, बाकीचे सैल सोडतात, पण टोक कुणीच टाकत नाही. एका दुकानात बसणाऱ्या भावाभावांना, पेढीवरच्या भागीदारांना आणि सासू-सुनांना हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. घरे फुटतात ती बहुधा मतभेदाने नव्हे. दोन्ही टोके एकाच वेळी ओढली गेल्याने फुटतात.

जॅझ म्हटले की हॉटेल, मद्य आणि रात्रीचे नाच आठवतात आणि श्रावकाच्या घराला या संगीताशी काय कर्तव्य, असा प्रश्न उभा राहतो. तो खोटा नाही. हे संगीत अशाही ठिकाणी वाढले. पण ते अंत्ययात्रेतही वाजले, प्रार्थनेच्या गीतांतूनही आले आणि अपमान सोसलेल्या समाजाने त्यातून आपला ताठ कणा जपला. वस्तूची एकच बाजू पाहून निवाडा देऊ नये, हीच तर आपली शिकवण आहे.

या जुन्या रीतीचे रसिक आजही तिचे उत्सव भरवतात. न्यू ऑर्लिन्समध्ये १९६१ साली प्रिझर्व्हेशन हॉल सुरू झाला तो वृद्ध वादकांना मानाने वाजवता यावे म्हणून. १९७० पासून त्या शहराचा मोठा जॅझ उत्सव भरू लागला. जर्मनीतील ड्रेस्डेन येथे १९७१ पासून पारंपरिक जॅझचा मेळा भरतो. अशा उत्सवांत एकाच दिवशी अनेक मंचांवर अनेक बँड वाजवतात, काही रस्त्याने मिरवत जातात, आणि पिकल्या केसांच्या वादकाशेजारी कोवळा पोर उभा असतो. तेथील एक प्रथा मोलाची आहे. प्रत्येक वादकाचे एकल वादन संपले की श्रोते तिथल्या तिथे टाळ्या देतात, आणि शेवटी बँडप्रमुख एकेकाचे नाव घेऊन ओळख करून देतो. ढोल वाजवणाराही त्यातून सुटत नाही.

हा प्रवाह महाराष्ट्रातही आला. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबी यांचा बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजू लागला. त्यामागोमाग पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. त्यांच्यापासून ही कला उचलली ती प्रामुख्याने गोव्याच्या वादकांनी. चर्चच्या शाळांत लहानपणीच स्वरलेखन शिकलेली ती मुले होती. हळदोण्याचे अंतोनियो शाव्हियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजले आणि त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हटले जाऊ लागले. पुणतांब्यात जन्मलेल्या रामचंद्र चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, त्यांना आपल्या संगीतात सामावून घेतले. भगवानदादांचा १९५१ चा ‘अलबेला’ राणीसावरगावच्या परिसरातील ज्या आजोबांनी पाहिला असेल, त्यांनी नकळत जॅझही ऐकला. खरे आर्मस्ट्राँग १९६४ मध्ये मुंबईत येऊन वाजवून गेले.

पुढे १९७८ साली निरंजन झवेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत धोबी तलावाजवळच्या रंगभवनात मोठा उत्सव भरवला. त्याचे नाव त्यांनी ठेवले ‘जॅझ यात्रा’. अमेरिकेचे सॅक्सोफोनवादक सनी रॉलिन्स त्या पहिल्या यात्रेत वाजवून गेले. पुढच्या यात्रांत गोव्याचे ब्राझ गोन्साल्विस आपल्या सॅक्सोफोनमधून भारतीय रागांशी संवाद साधताना श्रोत्यांनी ऐकले. त्या मंचावर केवळ जुनीच रीत नव्हती, नव्या वाटाही होत्या. पण एकमेकांना ऐकत वाजवण्याचा मूळ नियम तोच होता. यात्रा म्हणजे एकट्याने पोहोचणे नव्हे, संघाने चालणे, हा आपला अर्थ त्या नावाला चांगलाच शोभला.

या हिशेबाची नावे बाजू मात्र दुःखद आहे. जॅझचा आद्य वादक मानले जाणारे बडी बोल्डन १९०७ मध्ये मनोरुग्णालयात गेले आणि १९३१ मध्ये तेथेच वारले. त्यांचा एकही सूर ध्वनिमुद्रिकेवर उरलेला नाही आणि त्यांना पुरले त्या जागेवर नावाचा दगडही नव्हता. किंग ऑलिव्हर यांनी अखेरचे दिवस झाडलोटीची कामे करून काढले आणि १९३८ मध्ये दारिद्र्यात देह ठेवला. आपल्या चित्रपटसंगीताला साज चढवणाऱ्या कितीतरी गोव्याच्या वादकांची आणि संयोजकांची नावे पडद्यावर आलीच नाहीत. ज्यांच्या मालावर बाजार चालला त्यांच्या नावे जमा काहीच नाही, अशी वही कोणताही सचोटीचा व्यापारी मान्य करणार नाही.

म्हणून पुन्हा राणीसावरगावच्या रस्त्यावरच्या त्या लाल कोटांकडे यावे लागते. डीजेच्या भिंतीतून एकच आवाज येतो. तो कुणाला ऐकत नाही आणि कुणाला बोलू देत नाही; पाळण्यातल्या बाळाला, दारातल्या आजारी वृद्धाला आणि गोठ्यातल्या मुक्या जिवाला त्याचा त्रास होतो. अहिंसेच्या उपदेशकाची पालखी अशा भिंतीमागून निघावी काय, हे प्रत्येक गावच्या संघाने आणि कार्य असलेल्या प्रत्येक घराने स्वतःला विचारायला हवे. बँड ठरवला तर त्याचे पैसे घासाघीस न करता द्यावेत, निम्मे आगाऊ द्यावेत. मिरवणूक जेथे थांबते तेथे वादकांनाही सावली आणि पाणी मिळावे, आणि पंगत त्यांच्यासाठीही मांडली जावी. पालखी मंदिरात पोहोचली की संघाच्या वडीलधाऱ्यांनी क्लॅरिनेटवाल्यापासून ताशेवाल्यापर्यंत प्रत्येकाचे नाव विचारून ते सर्वांसमोर घ्यावे. याला एक छदामही जास्त लागत नाही.

आणि त्या संध्याकाळी खर्च लिहिताना ‘बँड’ या शब्दाखाली ती नावेही वहीत उतरावीत. पुढच्या वर्षी वही उघडेल तेव्हा कुणाला बोलवायचे हे शोधावे लागणार नाही.