टोपी आणि तिच्याखालचें डोकें

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या घरीं एक लहानसा वाद उपस्थित झाला, आणि घरांतील वडील या नात्यानें त्याचा निकाल लावण्याचें काम आमच्याकडे आलें. आमच्या पुतण्याचा दहा वर्षांचा मुलगा एके दिवशीं जेवणाच्या पंक्तींतच म्हणाला, "आप्पाआजोबा, मला रुंद काठाची तपकिरी टोपी हवी. मी मोठेपणीं पुराणवस्तुसंशोधक होणार." आदल्या दिवशीं त्यानें एक इंग्रजी चित्रपट पाहिला होता, हें त्याचें कारण. त्याचे वडील म्हणाले, "आधीं गणित पुरें कर, मग जमीन खणायला जा." आणि त्याच्या आजीनें, म्हणजे आमच्या वहिनींनीं, भात वाढतां वाढतां विचारलें, "अरे, खणायला कुदळ लागते. टोपी रे कशाला?" पंक्तींत हंशा पिकला, मुलगा मात्र हिरमुसला. हा प्रश्न हंसून सोडून देण्यासारखा नाहीं असें आम्हांस वाटलें. पुढील तीन-चार रात्रीं गच्चीवर निजतांना आम्हीं त्यास जें सांगितलें, त्याचा सारांश या महिन्यांत वाचकांपुढें ठेवीत आहों. कारण अशी टोपी मागणारें मूल बहुतेक घरांत एखादें तरी असतेंच.

१९८१ सालीं पडद्यावर आलेला इंडियाना जोन्स हा कल्पित प्राध्यापक आतां साऱ्या जगाच्या परिचयाचा झाला आहे. त्याच्या हातीं चाबूक, डोक्यावर रुंद काठाची फेल्ट हॅट. ती टोपी लंडनच्या हर्बर्ट जॉन्सन या दुकानांतून घेतली होती. कोणत्याही संकटांत ती नायकाच्या डोक्यावरून फार वेळ दूर राहत नाहीं, एवढें तिचें माहात्म्य! असा पुरुष खरोखर कोणी होता काय, असें विचारलें असतां अनेकजण हायरम बिंगहॅम यांचें नांव घेतात. येल विद्यापीठांत इतिहास शिकविणारे हे अमेरिकन गृहस्थ २४ जुलै १९११ रोजीं पेरू देशांतील माचू पिचू येथें पोंचले, आणि डोंगरमाथ्यावर रानांत दडलेलें तें इंका लोकांचें नगर त्यांच्या लेखांमुळें जगप्रसिद्ध झालें. गुडघ्यापर्यंतचे बूट आणि रुंद काठाची टोपी अशा वेषांतील त्यांचीं छायाचित्रें पाहिलीं म्हणजे पडद्यावरील नायकाची आठवण झाल्याशिवाय राहत नाहीं.

परंतु त्या दिवसाची हकीकत नीट वाचावी. पाऊस पडत होता. बिंगहॅम यांच्या सोबत्यांपैकीं कोणी डोंगर चढण्यास उत्सुक नव्हते. वाट दाखविण्यास पुढें झाला तो मेल्चोर आर्तेआगा नांवाचा तेथील शेतकरी. त्याला यासाठीं एक सोल, म्हणजे तिकडचें एक नाणें, मिळावयाचें होतें. खालीं उरुबांबा नदी फेंसाळत होती, आणि तिच्यावर ओंडके बांधून केलेला पूल बिंगहॅम यांनीं हातापायांवर रांगत ओलांडला. वर पोंचतात तों काय, तेथें शेतकरी कुटुंबें राहत होतीं आणि इंकांनीं बांधलेल्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत पीक काढीत होतीं! पुढें अवशेषांतून त्यांस हिंडवून आणलें तें त्या वस्तींतील एका लहान मुलानें. एका देवळाच्या भिंतीवर कोळशानें लिहिलेलें लिझारागा हें नांव आणि १९०२ हें सालही त्यांस आढळलें. तेव्हां 'शोध लाविला' या शब्दाचा अर्थ जपूनच घ्यावा लागतो. बिंगहॅम यांनीं नगर मोजलें, त्याचीं छायाचित्रें घेतलीं, विद्वानांस त्याची ओळख करून दिली, हें श्रेय त्यांचेंच आहे; पण ज्यांनीं त्यांस तेथवर नेलें त्यांचीं नांवें टोपीच्या सावलींत झांकलीं गेलीं. उत्खननांतील वस्तू येल येथें गेल्या, त्या २०११ व २०१२ मध्यें पेरूस परत मिळाल्या. म्हणजे एका उसनवारीची फेड होण्यास जवळजवळ शंभर वर्षें लागलीं.

"म्हणजे टोपी वाईट?" मुलानें विचारलें. आम्हीं म्हटलें, टोपी वाईट नव्हे. टोपीवरून माणसाची परीक्षा करणें वाईट. याचें उदाहरण म्हणून आम्हीं त्यास मिसर देशांतील दोन गुरुशिष्यांची गोष्ट सांगितली.

गुरु फ्लिंडर्स पेट्री. १८८० नंतर गिझा येथील पिरॅमिडांची मोजणी करण्यासाठीं ते एका खडकांत खोदलेल्या जुन्या थडग्यांत राहत. प्रवासी लोकांनीं येऊन कामांत व्यत्यय आणूं नये म्हणून हे महाशय गुलाबी रंगाचे आंतले कपडे घालूनच बाहेर वावरत. असा विचित्र प्राणी पाहून सभ्य मंडळी दूर राहत! पण याच विक्षिप्त गृहस्थांनीं जगास शिकविलें कीं, सोन्याच्या मुकुटापेक्षां फुटक्या मडक्याचा तुकडा अधिक बोलका असूं शकतो. मडक्यांचे आकार कसकसे बदलत गेले हें ताडून त्यांनीं थडग्यांचा पूर्वापर क्रम लाविला.

शिष्य हॉवर्ड कार्टर. चित्रकाराचा मुलगा, शालेय शिक्षण बेताचें, पण हात चित्रकलेंत तयार. सतराव्या वर्षीं तो मिसरांत आला, आणि १८९२ मध्यें अमार्ना येथें पेट्रींच्या हाताखालीं खणण्यास शिकला. पुढें कार्टर यांची टोपी म्हणजे होम्बर्ग, शहरांत कोटावर घालतात तशी. वाळवंटांतील छायाचित्रांतही ती दिसते. राजांच्या दरींत हंगामामागून हंगाम फुकट गेले. पैसा पुरविणारे लॉर्ड कार्नार्व्हन कंटाळले, आणि आणखी एकच हंगाम असें ठरलें. ४ नोव्हेंबर १९२२ रोजीं जुन्या मजुरांच्या झोपड्यांखालीं दगडांत कोरलेली एक पायरी लागली. तींतून तूतनखामेनचें थडगें निघालें. चित्रपट असता तर येथें संपला असता. खरें काम येथून सुरूं झालें. पांच हजारांहून अधिक वस्तू. एकेकीस क्रमांक, एकेकीचें टिपण, चित्र व छायाचित्र. कुजत आलेलें कापड व लांकूड हात लागतांच विरून जाऊं नये म्हणून केलेले उपचार. तें थडगें रिकामें करण्यास दहा वर्षें लागलीं! अहमद गेरिगार या मुकादमानें आणि त्याच्या पागोटेवाल्या माणसांनीं तें दगडमातीचें काम पार पाडलें. साहस कशास म्हणावें? धाडकन् दार फोडण्यास, कीं दार उघडें असतां दहा वर्षें हात आवरण्यास?

आतां आपल्या देशाकडे वळूं. येथें साहेबाची टोपी म्हणजे सोला हॅट. वहिनींना आम्हीं सांगितलें कीं ती टोपी आणि आपल्या लग्नांतलें बाशिंग हीं एकाच घराण्यांतलीं आहेत. पाणथळ जागीं उगवणाऱ्या ज्या झाडाच्या पांढऱ्या हलक्या गराला आपण भेंड म्हणतों, ज्याचीं बाशिंगें करतात, आणि ज्याचा बंगाल्यांत नवऱ्यामुलाचा 'टोपर' होतो, त्याच भेंडाची ही टोपी. भेंड उष्णता आंत येऊं देत नाहीं, एवढाच तिचा गुण. पण ती राज्यकर्त्यांच्या डोक्यावर चढल्यामुळें अधिकाराचें चिन्ह होऊन बसली. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे बाशिंग बांधूनच हिंडत होते म्हणा ना!"

त्या काळच्या हिंदुस्थानांतून निघालेल्या प्रवाशांत ऑरेल स्टाइन यांच्या तोडीचा दुसरा नाहीं. हे मूळचे हंगेरियन. काश्मीरचा इतिहास सांगणाऱ्या कल्हणाच्या 'राजतरंगिणी'ची त्यांनीं शोधिलेली आवृत्ति १८९२ मध्यें आपल्या मुंबईस छापली गेली. या ग्रंथाच्या कामीं श्रीनगरचे पंडित गोविंद कौल यांचें त्यांस मोठें साह्य झालें. पुढें मध्य आशियाच्या वाळवंटांतून त्यांनीं हजारों मैल प्रवास केला. १९०७ मध्यें चीनच्या तुनहुआंग येथील गुहेंतून वांग नांवाच्या साधूस थोडीशी देणगी देऊन त्यांनीं हस्तलिखितांचे ढीग आणले. त्यांतच सन ८६८ मध्यें छापलेलें वज्रच्छेदिका सूत्र होतें. छपाईची तारीख ज्यावर आहे असा तो जगांतील सर्वांत जुना संपूर्ण छापील ग्रंथ. चिनी विद्वानांच्या मनांत ती गोष्ट आजही सलते, आणि त्यांचें सलणें अयोग्य आहे असें आम्हांस म्हणवत नाहीं. १९०८ मध्यें कुनलुन पर्वताच्या बर्फांत स्टाइन यांच्या उजव्या पायाचीं बोटें गेलीं. तरीही ते फिरत राहिले, आणि १९४३ मध्यें वयाच्या ८० व्या वर्षीं काबूल येथें वारले.

स्टाइन यांचें नांव कोशांत आहे. पण त्यांच्याबरोबर नाईक राम सिंग नांवाचा आपल्या फौजेंतील एक हरहुन्नरी शीख होता. १९०८ मध्यें मीरान येथील जुन्या भिंतींवरील चित्रें सोडविण्यासाठीं स्टाइन यांनीं त्यास वाळवंटांत पाठविलें. तेथें काचबिंदूनें त्याच्या एका डोळ्याची दृष्टि गेली. तरी तो काम सोडीना. मग दुसऱ्याचीही गेली. आंधळा होऊन तो घरीं परतला, आणि लवकरच मरण पावला.

गच्चीवर थोडा वेळ कोणी बोललें नाहीं. मग मुलानें विचारलें, "त्यानें कोणती टोपी घातली होती?" आम्हीं म्हटलें, "बाळ, तो शीख होता, पगडी." तो पुन्हां कांहीं बोलला नाहीं, पण त्या रात्रीनंतर तपकिरी टोपीचें नांव निघालें नाहीं, हें खरें.

दुसऱ्या दिवशीं त्याच्या वडिलांनीं आक्षेप घेतला कीं, मुलास अशा भयंकर गोष्टी कशाला सांगावयाच्या? आमचें मत वेगळें आहे. ज्या धंद्याचें स्वप्न मूल पाहतें, त्याची किंमतही त्यास ठाऊक असावी. म्हणून आम्हीं त्यास सिंधची हकीकतही सांगितली. आपले देवदत्त रामकृष्ण भांडारकर हे थोर पंडित. बेसनगरचें त्यांचें उत्खनन प्रसिद्ध आहे. तेच १९११-१२ च्या सुमारास मोहेंजोदडो पाहून आले, आणि विटा अलीकडच्या दिसतात म्हणून हे अवशेष दोनएकशें वर्षांचे असावेत, असें त्यांनीं ठरविलें! १९२२ मध्यें राखालदास बॅनर्जींनीं तेथें कुदळ घातली. हडप्पा येथें दयाराम साहनी यांस सांपडल्या होत्या तशाच मुद्रा तेथेंही निघाल्या, आणि सप्टेंबर १९२४ मध्यें खात्याचे प्रमुख जॉन मार्शल यांनीं त्या प्राचीन संस्कृतीची वार्ता जगास दिली. भांडारकरांसारख्याची दृष्टि चुकली यांत आम्हांस लाज वाटत नाहीं. विद्वानाच्या चुकीची दुरुस्ती दुसऱ्या विद्वानाच्या श्रमानें व्हावी, हाच ज्ञानाचा राजमार्ग आहे. पुढें त्याच सिंधमध्यें गांवोगांव हिंडून ननीगोपाल मजुमदार यांनीं जुन्या वसाहती शोधून काढिल्या. १९३८ मध्यें अशाच दौऱ्यावर असतां दरोडेखोरांनीं त्यांस गोळ्या घालून ठार केलें. त्या वेळीं खात्याच्या प्रमुखपदीं आपले काशिनाथ नारायण दीक्षित होते. आपला एक कर्ता माणूस गमावल्याचें दुःख त्यांच्या वांट्यास आलें.

मग या साऱ्यांतून मिळतें काय, असें वहिनींनीं विचारलें. त्यांस आम्हीं घरच्या अंगणांतलें उत्तर दिलें. पुणें जिल्ह्यांत शिरूर तालुक्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव आहे. तेथें डेक्कन कॉलेजच्या मंडळींनीं १९६८ ते १९८३ पर्यंत उत्खनन केलें. हसमुख सांकळिया यांनीं ज्या परंपरेचा पाया तेथें घातला, तिचेंच हें फळ. ख्रिस्तपूर्व १६०० ते ७०० च्या सुमारास तेथें शेतकरी नांदत होते. सोनें निघालें म्हणून हें गांव प्रसिद्ध नाहीं. तेथें घरांच्या जमिनींखालीं मातीचीं दोन दोन मडकीं तोंडाला तोंड लावून पुरलेलीं सांपडलीं, आणि त्यांत तान्ह्या मुलांचे अस्थि होते. गेलेलें लेंकरूं त्या आईबापांनीं रानांत नेलें नाहीं. घरांतच, आपल्या पायांखालच्या मातींत ठेविलें.

वहिनींनीं पदर डोळ्यांस लाविला. त्यांचेंही एक मूल फार लहानपणीं गेलें, हें घरांत सर्वांस ठाऊक आहे. त्याचा उच्चार मात्र होत नाहीं. बऱ्याच वेळानें त्या म्हणाल्या, "तीन हजार वर्षांपूर्वींची कां होईना, आईच ती." पुराणवस्तुसंशोधनाचा उपयोग काय, या प्रश्नाचें याहून चांगलें उत्तर आमच्यापाशीं नाहीं. पडद्यावरच्या नायकानें ती मडकीं लाथेनें उडवून पलीकडचा खजिना शोधला असता. कोणीतरी उन्हांत गुडघे टेकून, कुंचल्यानें माती झाडीत, तीं जशींच्या तशीं उघडीं केलीं, म्हणून त्या आईचें दुःख आपल्या वहिनींपर्यंत पोंचलें.

वादाचा निकाल असा लागला. टोपी आम्हीं घेऊन दिली, कारण वैशाखाचें ऊन कोणाची भीड धरीत नाहीं. तिच्याबरोबर एक वही व पेन्सिल दिली, आणि अट घातली कीं, परसांत जें कांहीं खणशील तें काढण्यापूर्वीं कोठें व किती खोल होतें तें लिहावयाचें, आणि खणूं लागण्यास ज्यानें मदत केली त्याचें नांवही लिहावयाचें. पहिल्या पानावर एका फुटक्या बरणीचें झांकण आणि वाड्यांत झाडलोट करणाऱ्या मावशींचें नांव आहे. वडिलांनीं वही पाहिली, मोजमापांत एक चूक काढली, आणि ती कशी सुधारावी हें मुलास शिकवीत बसले. गणिताचा अभ्यासही आपोआप सुरूं झाला!