तळं आपलं, खाडी सगळ्यांची

मंडळी, कोळंबीच्या तळ्यात रोग आला तर सगळ्यात आधी काय करावं, असं कुणी मला विचारलं तर मी सांगेन, शेजारच्या तळेवाल्याला फोन करा. औषधाचं दुकान त्यानंतर. हे थट्टेनं म्हणत नाहीये.

आमचा भाचा रायगड जिल्ह्यात एका खाडीकाठी खाजण भाड्यानं घेऊन कोळंबी करतो. गेल्या वर्षी दीड महिन्याचं पीक त्याच्या हातून गेलं. कवचावर पांढरे ठिपके दिसले आणि आठवड्याच्या आत तळ्याच्या कडेला मेलेल्या कोळंबीचा खच पडला. मागाहून कळलं, की वरच्या अंगाच्या एका तळ्यात आधीच रोग होता आणि तिथलं पाणी कुणाला न सांगता रातोरात खाडीत सोडलं होतं. भरतीला तेच पाणी याच्या तळ्यात आलं. आता तो पुन्हा कर्ज काढायच्या विचारात आहे, आणि घरात दोन तट पडलेत. मी जन्मभर भूगोल आणि मराठी शिकवलं, मत्स्यशास्त्र नाही. पण निवृत्ताला वाचायला वेळ असतो, म्हणून चार गोष्टी मांडतो.

कोळंबी तळाशी राहते. जास्तीचं खाद्य आणि तिची विष्ठा तळाशीच कुजते, त्यातून अमोनिया होतो. दिवसा पाण्यातलं शेवाळ प्राणवायू देतं, रात्री तेच शेवाळ तो खातं. म्हणून पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो, आणि तेव्हाच वीज जाऊन एरेटर बंद पडले तर सकाळपर्यंत तळं आडवं. लिटरमागे ४-५ मिलिग्रॅम प्राणवायू हवा, सामू साधारण ७.५ ते ८.५ हवा. दुपारी सामू चढला की तोच अमोनिया अधिक विषारी होतो. त्यातून कात टाकलेली कोळंबी तर अगदी मऊ आणि हळवी. तेव्हा चेक ट्रे पाहून बेतानं खाद्य घालणं हे निम्मं आरोग्य झालं. भाचा हे सगळं करतो. रोज वहीत आकडे लिहितो.

पण पांढऱ्या ठिपक्यांचा रोग हा विषाणूचा. भारतात तो १९९४ च्या सुमारास आला आणि पूर्व किनाऱ्यावरची तळीच्या तळी त्यानं बसवली. विषाणूवर प्रतिजैविक चालत नाही. माणसासारखी लस टोचून ठेवावी, तर कोळंबीच्या अंगात आपल्यासारखी प्रतिपिंडंच तयार होत नाहीत. तरी घाबरलेला शेतकरी काहीबाही ओततो. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान यांच्यावर बंदी आहे, आणि त्यांचा अंश सापडला तर परदेशातून माल परत येतो. मग हातात उरतं काय? तपासलेलं बीज, गाळून आणि निर्जंतुक करून घेतलेलं पाणी, खेकड्यांना अडवणारं कुंपण. आणि शेजारी. कारण सगळ्यांचं पाणी येतं एकाच खाडीतून आणि जातं तिथंच.

आपल्या जुन्या लोकांना हे कळत होतं. गोव्याच्या खाजणात बांध आणि मानस, म्हणजे भरती-ओहोटीचं पाणी आवरणारं दार, यांची देखभाल गावकरी मिळून करत. पावसाळ्यात भात, नंतर मासे-कोळंबी. दार कधी उघडायचं हा एकट्याचा प्रश्नच नव्हता.

पुढे तळी ज्याची त्याची झाली आणि भांडणं कोर्टात गेली. तमिळनाडूतले सर्वोदयी कार्यकर्ते एस. जगन्नाथन यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं ११ डिसेंबर १९९६ ला कडक निकाल दिला, तोही शेजारच्या शेतांचं आणि विहिरींचं पाणी बिघडतं म्हणूनच. २००५ साली कायदा आला, नोंदणी आली. कायदा हवाच. पण पहाटे तीन वाजता कोण कुणाचं पाणी सोडतो हे पाहायला कायदा बांधावर उभा राहत नाही.

तिथं उभे राहतात शेजारीच. आंध्रात २००० नंतर छोट्या शेतकऱ्यांचे गट करून हे करून दाखवलं गेलं: सगळ्यांनी बीज एकाच सुमारास सोडायचं, पाणी घेण्या-सोडण्याच्या वेळा ठरवायच्या, रोग दिसला की लपवायचा नाही. त्या कामातूनच २००७ मध्ये एमपीडाच्या पुढाकारानं नाक्सा ही संस्था उभी राहिली.

आम्ही संत तुकाराम नगरात खाडीपासून लांब राहतो खरे, पण पवना जवळच आहे. मेलेले मासे तरंगताना आम्हीही पाहिलेत. प्रत्येक जण म्हणतो, माझ्या नळीतून कितीसं जातं? नदी सगळ्यांची बेरीज करते.

माझं मत स्पष्ट आहे. भाच्यानं धंदा सोडू नये, पण एकट्यानं कर्जही काढू नये. आधी त्या खाडीवरचे सगळे तळेवाले एका सतरंजीवर बसवावेत आणि एवढं ठरवावं, की रोग दिसला तर त्याच दिवशी सांगायचं आणि ते पाणी अडवून, क्लोरीन टाकल्याशिवाय सोडायचं नाही. हे ठरत नसेल, तर बँकेत जाण्यात अर्थ नाही. ज्यानं सांगितलं त्याचं पीक गेलं तर इतरांनी त्याला पुढच्या बिजाला हातभार लावावा, नाहीतर खरं कोण बोलेल?

असो. नातेवाईक मंडळींपैकी कुणाला हे पटत नसेल तर जरूर सांगा. वाद घालायला मी मोकळाच आहे.